स्टेपल गन दाबताना आपला जोर जातो कुठे?

आमच्या फोंड्याकडे जत्रेचे दिवस आले की देवळासमोर मराठी नाटक ठरलेलंच, आणि नाटक म्हटलं की विंगा आल्या, त्यांच्या लाकडी चौकटी आल्या आणि चौकटींवर ताणून बसवायचं कापड आलं. ते कापड ठोकायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पूर्वी हातोडी आणि चुका (बारीक खिळे) असायच्या, आता हाताने दाबायची स्टेपल गन आहे, काम भराभर होतं खरं, पण रात्रभर पिना मारल्या की दुसऱ्या दिवशी मनगट असं ठणकतं की चहाचा कप उचलवत नाही. गेल्या वर्षी वहिनी मदतीला आली, दोन्ही हातांनी दाबून तिने कशाबशा चार पिना मारल्या, त्यातल्या तीन अर्ध्या बाहेरच राहिल्या. ती म्हणाली, "भावजी, हे बायकांच्या हाताला धरून केलेलंच नाही." मला ते लागलं, कारण ती शेतात माझ्यापेक्षा जास्त काम करते. मग मी ती गन उघडूनच बघितली.

आत फारसं काही नसतं. एक जाड स्प्रिंग, तिच्या खाली एक पोलादी पट्टी जिला स्ट्रायकर म्हणतात, पिना पुढे सरकवणारी एक नाजूक स्प्रिंग, आणि हँडल. हँडल दाबलं की त्याचं आतलं टोक स्ट्रायकरला वर उचलतं, वरची जाड स्प्रिंग दबत जाते, आणि एका ठरावीक जागी ते टोक निसटतं की खटकन स्ट्रायकर खाली येऊन सगळ्यात पुढची पिन लाकडात घालतो. म्हणजे पिन आपला हात ठोकतच नाही. हात हळूहळू स्प्रिंग भरतो आणि स्प्रिंग भरलेलं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत ओतून टाकते.

आता इथे एक साधं गणित आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा एक पिन नीट बसायला ४ ज्यूल ऊर्जा लागते आणि हँडल ५ सेंटिमीटर खाली जातं. जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच लागला तर तो ८० न्यूटन, म्हणजे साधारण ८ किलो वजन पेलण्याइतका. पण जोर शून्यापासून चढत चढत गेला तर तेवढ्याच ४ ज्यूलसाठी शेवटी १६० न्यूटन लागतात, १६ किलो! काम तेवढंच, पण शेवटच्या क्षणी दुप्पट जोर, आणि हात थकतो, अडतो तो त्या शेवटच्या क्षणालाच. स्वस्त गनमध्ये हेच होतं. त्यावरचा उपाय काही रॉकेटसायन्स नाही: थोडी लांब, मऊ स्प्रिंग आधीच दाबून बसवायची म्हणजे तिचा जोर फारसा चढत नाही, आणि हँडलच्या आतल्या टोकाला असा बाक द्यायचा की स्प्रिंग जड होत जाईल तसा तरफेचा फायदाही वाढत जाईल. घरी बघायचं असेल तर बॅग तोलायचा हुकवाला काटा हँडलच्या टोकाला अडकवा, गन टेबलाला घट्ट आवळून तोंड टाकाऊ लाकडावर टेकवा आणि काटा हळूहळू ओढा, आकडा कुठे उसळतो ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट हाताची. बोटं फार फाकली की पकड कमजोर होते, सगळ्यात जास्त जोर साधारण ५ ते ६ सेंटिमीटरच्या फटीत येतो, आणि बायकांची पकड सरासरीने पुरुषांच्या साठेक टक्के असते. आमच्या गनचं हँडल उघडं असताना वहिनीची बोटं जेमतेम त्याच्यावर पोचतात. म्हणजे तिची तक्रार अगदी शब्दशः खरी होती.

पण अर्ध्या राहिलेल्या पिनांचं कारण वेगळंच आहे, ते कळायला मला वेळ लागला.

जुन्या पद्धतीच्या गनमध्ये हँडल मागे दाबतात आणि पिन पुढच्या टोकातून निघते. असं का, तर ही सी-सॉ आहे: मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर जातं आणि स्ट्रायकर उचलला जातो, सगळ्यात सोपी रचना. अमेरिकेत अ‍ॅरो कंपनी १९२९ पासूनची, तिची टी-५० गन १९५० च्या दशकातली, आणि आजही बाजारातल्या बऱ्याच गनांची ठेवण तीच आहे. अडचण अशी की मुठीची पकड ही आतल्या आतली असते, हँडल आणि गनचं अंग एकमेकांकडे ओढलं जातं, त्याने गनचं नाक लाकडावर दाबलं जात नाही. नाक दाबायला वेगळा जोर लागतो आणि हात तर मागे! म्हणूनच मुरलेले कुशनवाले दुसऱ्या हाताचा तळवा नाकावर ठेवतात, पण त्या हाताने कापड कोण ताणणार?

आणि नाक दाबलेलं नसेल तर गन उडते. स्प्रिंग स्ट्रायकरला खाली ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने गनला वर ढकलते, न्यूटनचा तिसरा नियम. समजा स्ट्रायकर ३० ग्रॅमचा आणि बाकीची गन ६०० ग्रॅमची, तर स्ट्रायकर १५ मिलिमीटर खाली येईपर्यंत सैल धरलेली गन पाऊण मिलिमीटर वर सरकते. पाऊण मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण कापड सैल राहायला तेवढं पुरतं, शिवाय हात मागे असल्यामुळे गन कलते आणि नाक त्याहून जास्त उचललं जातं. स्ट्रायकर हलका करून जास्त वेगाने सोडला तर फायदा होतो, वजन चौथाई केलं तर तेवढ्याच ऊर्जेत वेग दुप्पट होतो आणि उलटा धक्का निम्मा. अर्थात पट्टी फार बारीक केली तर पुढे तीच वाकेल.

१९९० च्या दशकात जोएल मार्क्स या अमेरिकन संशोधकाची पॉवरशॉट गन आली, तिने हा प्रश्न मुळातूनच फिरवला. हँडलची खीळ मागे नेली आणि दाबायची जागा पुढे आणली, नाकाच्या बरोबर वर. पुढे दाबून स्ट्रायकर वर उचलायचा म्हणजे आत आणखी एक उलटी तरफ लागते, भाग वाढतात, पण तळव्याचा सगळा भार जिथे हवा तिथेच पडतो. मला ही खरी सुधारणा वाटते, कारण यात स्प्रिंग जाड न करता पिन जास्त खोल जाते.

नाक टेकलेलं असण्याचा आणखी एक फायदा. पिनेचा पाय म्हणजे बारीक उभा खांब, आणि असा खांब आधाराशिवाय जितका लांब तितका लवकर वाकतो, लांबी दुप्पट झाली की वाकायला चौथाई जोर पुरतो. गनच्या खाचेत पायाला दोन्ही बाजूंनी आधार असतो, नाक उचललं की तो आधार नेमका नको तेव्हा सुटतो. आंब्याच्या फळीत हे खपून जातं, फणसात कमी, आणि माटाच्या म्हणजे ऐनाच्या लाकडात पिन सरळ मुंडी टाकते. अशा वेळी १० ऐवजी ६ मिलिमीटरची पिन घ्या, आणि लाकडाच्या रेषेच्या बरोबर न मारता जरा तिरकी मारा म्हणजे रीप चिरत नाही.

गोव्यात वर गंजाचाही हिशेब आहे. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गनची खाच आतून खरखरीत होते आणि आपण भरलेल्या ऊर्जेतला काही भाग घासण्यातच जातो, त्यासाठी जूनच्या आधी तेलाचे दोन थेंब आणि गन डब्यात बंद. पिना जस्त चढवलेल्या तरी हव्यात, नाहीतर कापडावर तांबडे डाग पडतात आणि काढताना पाय आतच तुटतात. किनाऱ्याजवळ कायमचं काम असेल तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्याव्यात, खारी हवा तिला कमी चावते.

यंदा नवी गन घ्यायला मी आणि वहिनी मडगावला गेलो होतो. खोक्यांवर पिनेची जाडी होती, पायाची लांबी होती, रंगीत फोटो होते, दाबायला किती जोर लागेल तेवढं एकाही खोक्यावर नव्हतं. मग वहिनीने दुकानदाराला सांगून तीन गना उघडायला लावल्या आणि तिथेच उभं राहून एका हाताने एकेक दाबून बघितली.