टेराफॉर्ममध्ये वर लिहिलेला राऊट आधी लागतो? छे!

"फाइलमध्ये जो राऊट वर, तो आधी लागू होतो." टेराफॉर्म (क्लाउडमधली रचना कोडमध्ये लिहून उभी करायचं साधन) वापरणाऱ्या टीममध्ये नवा माणूस आला की कोणीतरी त्याला हे हमखास ऐकवतं. राऊट म्हणजे कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठे पाठवायचं, हा नियम. निदान एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) राऊट टेबलपुरतं तरी ते साफ चूक आहे. तिथे क्रमाला काडीची किंमत नाही. जुळणाऱ्या राऊटांपैकी ज्याचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा ठरलेला भाग; /१६ म्हणजे पहिले १६ बिट) सर्वांत लांब, तो जिंकतो. समजा ०.०.०.०/० नॅट गेटवेकडे (इंटरनेटकडे जायची वाट) आणि १०.२०.०.०/१६ ट्रान्झिट गेटवेकडे (इतर नेटवर्कांशी जोडणारा दुवा) वळवलाय. १०.२०.५.९ साठी निघालेलं पॅकेट ट्रान्झिट गेटवेकडेच जाणार, मग ओळी कशाही लावा. प्रीफिक्स अगदी सारखाच असेल, तर हाताने टाकलेला स्टॅटिक राऊट व्हीपीएन गेटवेकडून (बाहेरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करणारा) आपोआप आलेल्या राऊटवर मात करतो.

हा समज बहुधा नेटवर्क एसीएलवरून (कोणती वाहतूक आत-बाहेर जाऊ द्यायची ते ठरवणारी नियमांची यादी) आला असावा. तिथे नियम लहान क्रमांकापासून तपासतात आणि पहिला जुळला की विषय संपला. राऊटरवरच्या राऊट-मॅपचंही (राऊट गाळायच्या किंवा बदलायच्या नियमांची यादी) साधारण तसंच.

खरी गोची वेगळीच आहे. काही राऊट टेबलच्या ब्लॉकमध्येच लिहायचे आणि त्याच टेबलसाठी काही स्वतंत्र रिसोर्स (टेराफॉर्मच्या कोडमधला वेगळा घटक) म्हणूनही ठेवायचे, असं केलं की दोघे एकमेकांचे राऊट पुसत बसतात. कोडला हात न लावताही प्लॅनमध्ये (काय बदलणार ते टेराफॉर्म आधी दाखवतं ती यादी) दरवेळी बदल दिसत असतील, तर आधी हे तपासा.