व्यावसायिक बिनतारी संचांचे हौशी पट्ट्यासाठी रूपांतर

पोलीस, वन खाते, कारखाने किंवा टॅक्सी सेवा यांच्यासाठी बनलेला बिनतारी संच हॅम (हौशी बिनतारी) परवानाधारकांच्या पट्ट्यात चालावा म्हणून त्यात जे तांत्रिक फेरफार करतात, त्यांना हौशी पट्ट्यासाठीचे रूपांतर म्हणतात. भारतात ते मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या दोन मीटर पट्ट्यासाठी होते, कारण व्यावसायिक व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या दरम्यानचे, म्हणजे या पट्ट्याच्या आसपासचेच असतात.

जुन्या संचांत दर चॅनेलला वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलची (स्फटिकाची) जोडी लागे, एक प्रेषकासाठी आणि एक ग्राहकासाठी, म्हणजे लहरी पकडणाऱ्या भागासाठी. प्रेषकात क्रिस्टलची वारंवारता बारा पट होत असेल, तर १४५.५ मेगाहर्ट्झसाठी १२.१२५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. ग्राहकाचे गणित वेगळे, कारण तेथे मध्यम वारंवारता, बहुधा १०.७ मेगाहर्ट्झ, आधी वजा होते. पुढे क्रिस्टलची जागा हवी ती वारंवारता तयार करणाऱ्या सिंथेसायझरने घेतली, चॅनेल संगणकावरून भरता येऊ लागले, आणि रूपांतर म्हणजे निव्वळ प्रोग्रॅमिंग असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. १४६ ते १७४ साठी बनलेल्या संचात १४५ चा आकडा भरता आला, तरी आतला दोलक (लहर निर्माण करणारे मंडल) तेवढा खाली उतरेलच असे नाही. तो जुळला नाही की पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबताच नुसती बीप ऐकू येते आणि प्रेषण होत नाही. अशा वेळी दोलकाचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा कपॅसिटर) किंवा फेराइटचा गाभा प्लॅस्टिकच्या पेचकसाने (धातूचे टोक जवळ नेले की वारंवारताच सरकते) अगदी थोडा थोडा फिरवत दोलकाला ताब्यात ठेवणारे नियंत्रक व्होल्टेज मर्यादेत आणतात. त्यानंतर ग्राहकाच्या तोंडचे फिल्टर नव्या वारंवारतेवर जुळवावे लागतात. हे काम बरेच जण टाळतात. वास्तविक जवळच्या जोरदार लहरींना दाद न देणारे हे फिल्टर म्हणजेच व्यावसायिक संच घेण्याचे खरे कारण. शक्तीची तपासणी अँटेनाऐवजी ५० ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे शक्ती हवेत न सोडता जिरवणाऱ्या रोधकावर करतात.

कोल्हापूर परिसरात अशा संचाची उपयुक्तता भूरचनेवर ठरते. व्हीएचएफ लहरी साधारणतः नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांआड गेलेल्या गावाशी बोलताना वॉटपेक्षा अँटेनाची उंची जास्त कामी येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. अशा वेळी गाडीच्या बॅटरीवर चालणारा २५ वॉटचा मोबाइल संच विजेवर अवलंबून राहत नाही. त्याला सुमारे ४९ सेंटिमीटरची, लहरीच्या पाव लांबीची अँटेना पुरते, आणि तिचा पितळी पाया उद्यमनगरातल्या कोणत्याही लेथवर कातून घेता येतो.

भारतात १९३३ च्या कायद्याने बिनतारी संच नुसता बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरवला. वापरलेल्या संचात आधीच्या धन्याचे चॅनेल बहुधा तसेच राहिलेले असतात. ते पुसून प्रेषण हौशी पट्ट्यापुरते बंदिस्त केल्याशिवाय रूपांतर पुरे झाले असे मानत नाहीत.