समुद्री मत्स्यालयातील शेवाळाचा उपद्रव

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ इतके माजते की प्रवाळ त्याखाली गुदमरू लागतात, तेव्हा त्याला उपद्रव म्हणतात. थोडेफार शेवाळ प्रत्येक निरोगी टाकीत असतेच.

नव्या टाकीत वाळूवर येणारा तपकिरी थर डायअ‍ॅटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. त्याला लागणारे पाण्यातले सिलिकेट संपले की तो बहुधा आपसूक ओसरतो. लाल, बुळबुळीत पापुद्रा सायनोबॅक्टेरियाचा. ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. खरी चिकाटी लागते ती डर्बेसिया व ब्रायोप्सिस या हिरव्या केसाळ शेवाळांना घालवायला.

उपद्रवाचे मूळ बहुतेकदा नायट्रेट आणि फॉस्फेट या शेवाळाच्या पोषकांमध्ये असते. उरलेले खाद्य, माशांची विष्ठा आणि नळाचे पाणी यांतून ते येतात. इथे टेस्ट किट हमखास चकवते. पाण्यात सुटलेले फॉस्फेट शेवाळ लगेच शोषून घेते, त्यामुळे टाकी हिरवीगार असूनही आकडा शून्य दिसतो. शिवाय फॉस्फेट चुनखडीच्या खडकाला चिकटून साठते आणि पाण्यातले प्रमाण घटले की पुन्हा सुटू लागते. म्हणूनच दोनदा पाणी बदलून भागत नाही, महिने जातात.

हाताने काढणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. खडक बाहेर घेऊन टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरावा, तंतू बुडाशी चिमटीत पकडून उपटावेत, खाचा जुन्या टूथब्रशने घासाव्यात. बादलीतले पाणी पालकाच्या रसासारखे होते. तेवढे पोषण टाकीबाहेर गेले. जोडीला आरओ-डीआयचे (क्षार काढून शुद्ध केलेले) पाणी, प्रोटीन स्किमर (फेसातून सेंद्रिय घाण काढणारे यंत्र), शेवाळ खाणाऱ्या टर्बो व ट्रोकस गोगलगायी असाव्यात. वेगळ्या कप्प्यात दिव्याखाली कीटोमॉर्फा हे निरुपद्रवी शेवाळ वाढवून ते नियमित छाटले तर तेच पोषण त्याच्या वाट्याला जाते.

मात्र बुडबुडे अडकलेले तपकिरी, शेंबडासारखे धागे दिसले तर ओळख आधी सूक्ष्मदर्शकाखाली पटवावी. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असू शकतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलेल्या टाकीत ते अनेकदा फोफावतात, आणि तिथे फॉस्फेट शोषक (फॉस्फेट ओढून घेणारे माध्यम) वाढवणे घातकच ठरते. त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिसच्या विषाने गोगलगायी मरतात.

उपटलेले शेवाळ समुद्रात वा गटारात टाकू नये, वाळवून कचऱ्यात द्यावे. मत्स्यालयांत वाढवले जाणारे कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ 1984 मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राचा मोठा किनारी तळ त्याने व्यापला. 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या खाजणातही सापडले. तिथून ते समूळ काढायला सहा वर्षे लागली.