गळक्या क्लोरीनवर पाणी मारू नका

जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन गळाल्याची बातमी आली, की तालुक्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: तोंडाला ओला रुमाल बांधा, खाली वाका, सरपटत बाहेर पडा. हा सल्ला आगीचा आहे. धूर गरम असतो, वर चढतो, म्हणून तिथे वाकायचं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो नाल्यात उतरतो, खोलगटात साचतो, विहिरीत भरतो. हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि सुस्त असते, तेव्हा तो लवकर विरतही नाही. म्हणून उभ्यानेच निघायचं, वाऱ्याला आडवं आणि चढाकडे. वाऱ्याच्या दिशेनेच पळालात तर गॅसही तुमच्याबरोबर येतो. निघता येत नसेल तर दारं-खिडक्या लावा आणि आधी कूलर बंद करा. विदर्भातला उन्हाळ्याचा कूलर बाहेरची हवा ओढून थेट खाटेवर सोडतो, हे कोणत्याच मेसेजमध्ये नसतं.

पण मला लिहायचंय ते टाकीबद्दल. नगरपालिकांच्या मोठ्या केंद्रांत टोनर असतो, सुमारे ९०० किलो क्लोरीन मावणारी आडवी पोलादी टाकी. तिच्यात खाली द्रव आणि वर गॅस. हा द्रव उणे ३४ अंशांलाच उकळतो. नेहमीच्या तापमानाला तो द्रव राहतो तो केवळ दाबामुळे. २० अंशांना आतला दाब हवेच्या दाबाच्या पावणेसात पटींच्या आसपास असतो, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांत जवळपास दुप्पट होतो. टोनर सावलीत ठेवायचा तो यासाठी.

गळती टाकीच्या वरच्या अंगाला असेल तर गॅस निघतो, खालच्या अंगाला असेल तर द्रव. फरक भयंकर आहे, कारण एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरांहून जास्त गॅस होतो. म्हणून शिकलेला माणूस, तोंडावर हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेला मास्क चढवून, जमलं तर आधी टोनर फिरवतो आणि भोक वर आणतो. बघणाऱ्याला वाटतं, गळती सोडून हा टाकी काय लोळवतोय!

गॅस सुटू लागला की दाब उतरतो, द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतूनच काढतो. त्यामुळे टाकी गार पडत जाते, अंगावर हिम धरते, आतला दाब उतरतो आणि गळती आपोआप मंदावते. यापुढे किती गॅस निघेल हे भोकापेक्षा बाहेरून किती उष्णता आत जाते यावर ठरतं. नेमक्या याच वेळी जमलेल्यांतून कुणीतरी ओरडतो, ‘‘पाणी मारा नं भाऊ त्याच्यावर!’’ विहिरीचं २५ अंशांचं पाणी आपल्याला गार; उणे ३४ अंशांच्या द्रवाला ती पेटती चूल. शिवाय कोरडा क्लोरीन पोलादाला नेहमीच्या तापमानात फारसं काही करत नाही, पण पाणी मिळालं की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, ते पोलाद खातं आणि भोक मोठं होतं. पाण्याची फवार वापरायचीच, तर टाकीपासून दूर, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, गॅसच्या ढगावर.

बारीक गळती शोधायला अमोनियाचा बोळा फिरवतात. जिथे पांढरा धूर उठतो तिथे गळती. तो धूर म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. गॅस निकामी करायला कॉस्टिक सोडा किंवा विझवलेला चुना लागतो. पूर्ण टोनरला कॉस्टिक टनभराहून जरा जास्तच, तेव्हा कोपऱ्यातल्या दोन पोत्यांनी समाधान मानू नये.

क्लोरीन इलेक्ट्रॉन हिसकावणारा, म्हणजे ऑक्सिडीकारक. नळाच्या पाण्यातले जंतू तो ज्या रसायनाने मारतो, तेच हायपोक्लोरस आम्ल फुप्फुसाच्या ओलाव्यातही तयार होतं. आपल्याच पांढऱ्या पेशी जंतू मारायला ते चिमूटभर बनवतात, इथे ते ओंजळीने येतं. गॅस लागलेल्याला गूळ-दूध पाजण्याची रीत जुनी आहे, पण दूध पोटात जातं, फुप्फुसात नाही. धाप लागलेल्याला ते बळेच पाजलं तर मात्र श्वासनलिकेत जाईल. डोळे धुवा, कपडे उतरवा, त्याला चालायला लावू नका, १०८ ला फोन करा. बरं वाटतंय म्हणून घरी आलेल्याच्याही फुप्फुसात काही तासांनी पाणी भरू शकतं, म्हणून लक्षणं असलेल्याला दवाखान्यातच नजरेखाली ठेवायला हवं.

पडून राहिलेल्या टाक्यांचं काय होतं ते २०१० साली मुंबईत शिवडीला दिसलं. बंदराच्या आवारातल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शेजारच्या माणसांना दवाखाने गाठावे लागले.

खेड्यात टोनर नसतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. जलसुरक्षक ती विहिरीत किंवा टाकीत घालतो, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघतो, ठीक. पण पोतं ठेवायचं कुठे? ओल्या भिंतीला नको, आणि युरियाच्या पोत्याशेजारी तर मुळीच नको: दोन्ही ओले होऊन मिसळले तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं, आणि ते स्फोटक आहे. संडास धुण्याचं ॲसिड टीसीएलवर ओतलं तर बंद मोरीत थेट क्लोरीनच. तसं झालं की बादली उचलायला थांबू नका, दार उघडं टाकून बाहेर या.