अंगणात हाफ इंजिन: रिंगा, वॉल्व्ह आणि केसाएवढ्या फटी

बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी ८५ हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल प्यायला लागली. खाली फरशीवर एक थेंब नाही, पण महिन्याभराने डिपस्टिक काढून बघितली की ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि चढाला अ‍ॅक्सिलेटर पिळला की मागे निळसर पांढरा धूर. मेस्त्री म्हणाले हाफ इंजिन करावं लागेल. हाफ इंजिन म्हणजे क्रँक (पिस्टन वरखाली झाला की फिरणारा खालचा दांडा) न खोलता वरचा भाग करायचा, हेड (वरचं झाकण), ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं), पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंगा, वॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा). ते मी घरीच अंगणात केलं, दोन रविवार गेले, आणि पाने फिरवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मोजण्यात गेला.

खोलायच्या आधी दोष कुठे आहे ते बाहेरूनच बऱ्यापैकी कळतं, आणि ही पायरी लोक उगाच सोडतात. धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिली किक मारल्यावर भसकन धूर येऊन थांबतो, किंवा उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडून खाली आलात आणि परत पिळल्यावर येतो, तर संशय वॉल्व्हच्या सीलवर, कारण तिथून ऑइल दांडीवरून हळूहळू खाली झिरपतं. लोड आला की सतत धूर, तर रिंगा. खात्री करायची असेल तर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (आतला दाब दाखवणारं मीटर) लावून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारायच्या, आकडा लिहून घ्यायचा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून परत मोजायचं. आकडा चांगला वर गेला तर रिंगा गेल्यात, कारण त्या ऑइलने थोड्या वेळापुरती फट बुजवली. फारसा हललाच नाही तर हवा वॉल्व्हमधून किंवा हेडच्या पॅकिंगमधून जातेय. आमचा आकडा वर गेला.

आता ही रिंग काय चीज आहे ते बघा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो तापला की बाहेरच्या लोखंडी लायनरपेक्षा (ब्लॉकच्या आतल्या नळीपेक्षा) जवळजवळ दुप्पट फुगतो, म्हणून तो सैलच बसवावा लागतो, घट्ट बसवला तर गाडी जाम होणार. मग ही सैल जागा बंद कोण करणार? तर तोंड कापलेली स्प्रिंगसारखी कडी. १८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे इंजिनियरने वाफेच्या इंजिनासाठी ही युक्ती काढली आणि आजही तीच चालते. गंमत म्हणजे रिंग फक्त स्वतःच्या ताणाने लायनरच्या भिंतीला चिकटत नाही. जळालेला गॅस खाचेतून तिच्या मागे शिरतो आणि तिला आणखी जोरात बाहेर ढकलतो, म्हणजे दाब जितका जास्त तितकं सील घट्ट. वरच्या दोन रिंगा गॅस अडवतात, तिसरी ऑइलची, ती भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते आणि अगदी पातळ थर मागे ठेवते.

अशा इंजिनात पिस्टन ५० मिमीचा आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ४९.५ मिमी, म्हणजे ९७.२ सीसी, वाटल्यास स्वतः गुणून बघा. क्रँकच्या एका फेऱ्यात रिंग ९९ मिमी घासते. टॉप गिअरमध्ये किलोमीटरला साधारण सहा हजार फेरे धरले तर गाडी एक किलोमीटर गेली की रिंग सहाशे मीटर घासली, म्हणजे ८५ हजारांत ५० हजार किलोमीटर, पृथ्वीच्या विषुववृत्ताला एक वळसा घालूनही दहा हजार उरले! एवढ्या घासण्यात झीज झाली ती मिलिमीटरच्या छोट्याशा भागाची, हे बघून मला त्या ऑइलच्या थराबद्दल खरंच आदर वाटायला लागला.

रिंगेच्या तोंडातली फट हातानेच मोजता येते. रिंग ब्लॉकमध्ये टाकायची, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करायची आणि फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालायचा. फट अजिबात नसली तर चालेल का? नाही. रिंगेचा घेर साधारण १५७ मिमी, ती भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर लांबी ०.१७ मिमीच्या आसपास वाढते, जागा नसेल तर दोन टोकं एकमेकांवर आदळतात आणि भिंत ओरबाडली जाते. त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा अंदाजाने घ्यायची गोष्ट नाही. बसवताना तिन्ही तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, १२० अंशांवर फिरवून ठेवायची. आणि पिस्टन पिनचं लॉक (पिन जागेवर धरणारी छोटी तारेची कडी) काढताना ब्लॉकखालच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडका कोंबून ठेवा, ते लॉक उडून क्रँककेसमध्ये पडलं तर हाफचं फुल इंजिन होतं.

ब्लॉक मात्र घरी होत नाही, इथे हट्ट करू नये. भिंत वर जास्त आणि खाली कमी झिजलेली असते, ती बोअर गेजने मोजायची, आणि मर्यादेबाहेर असेल तर लेथवाल्याकडे बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर सरळ नवीन किट. होनिंग (भिंत बारीक दगडाने घासणं) झाल्यावर भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी दिसते, तिला कोणी घासून चकचकीत करू नका, ऑइल त्याच रेघांत धरून राहतं.

वॉल्व्हचं काम मला सगळ्यात आवडलं. खरबरीत पेस्ट लावून वॉल्व्ह त्याच्या सीटवर (तो हेडमध्ये टेकतो त्या कडेवर) उलटसुलट फिरवायचा, दोन्हीवर सारखा करडा पट्टा आला की पेस्ट रॉकेलने पूर्ण धुवायची, कारण एक कण राहिला तरी तो भिंत खाणार. मग वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये (वॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओतायचं आणि वाट बघायची. खाली थेंब आला तर परत. ही सीट फक्त हवा अडवत नाही, एक्झॉस्ट वॉल्व्हची बरीचशी उष्णता तिच्यातूनच हेडमध्ये जाते. म्हणून टॅपेट (वॉल्व्हच्या दांडीच्या टोकाशी ठेवायची फट) फार टाइट ठेवले तर गाडी मस्त शांत चालते पण गरम झाल्यावर वॉल्व्ह नीट टेकत नाही, थंड होत नाही आणि कडेने जळतो. ती फट केसाच्या जाडीची असते, इंजिन थंड असतानाच, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, जुळवून आणि दोन्ही वॉल्व्ह बंद असताना सेट करायची.

हेड बसवताना टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) वापराच. स्फोटाच्या क्षणी आत हवेच्या चाळीसेक पट दाब धरला तर १९.६ चौरस सेंटीमीटरच्या पिस्टनवर पाऊण टनाहून जास्त जोर येतो, तेवढाच वर हेडला, आणि त्याला धरून असतात चार स्टड (आटे पाडलेले लोखंडी दांडे). नट आवळतो तेव्हा स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणानेच पॅकिंग दाबलं जातं. पण आपण लावलेल्या जोरातला फक्त दहाएक टक्के भाग ताणात जातो, बाकी सगळा नटाखाली आणि आट्यांमध्ये घासण्यात संपतो. त्यामुळे आटे मातकट असले तर पाना आकडा बरोबर दाखवतो आणि स्टड मात्र ढिलाच असतो, म्हणून आटे आधी ब्रशने साफ. नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, नाहीतर हेड एका बाजूला दाबलं जाऊन वाकतं.

एक कळकळीने सांगतो, पार्ट धुवायला पेट्रोल नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत पसरत जाते आणि देवघरातल्या दिव्यापर्यंत पोचते. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

पहिली किक मारल्यावर धूर आलाच, बाबांचा चेहरा उतरला, पण तो जोडताना लावलेल्या ऑइलचा होता, पाच मिनिटांत गेला. त्यानंतर ५०० किलोमीटर गाडी फार रेटली नाही, पण एकाच स्पीडला रेंगाळतही ठेवली नाही, कधी थोडी पिळायची कधी सोडायची, कारण नवीन रिंग भिंतीला घासून बसायला तिच्यामागे गॅसचा दाब यावाच लागतो. मग ऑइल बदललं. उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक होती, नव्या रिंगा आणि भिंत एकमेकांना बसताना निघालेली. पुढच्या महिन्यात बाबांनी स्वतः डिपस्टिक काढून बघितली, ऑइल वरच्या खुणेला.