सेटिंग पुन्हा पुन्हा का जातं? आमच्या बिलिंग ग्राहकांसाठी माहिती

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एका तक्रारीचे फोन वाढतात, गोव्याच्या एका टोकाच्या पेडण्याहून येवो की दुसऱ्या टोकाच्या काणकोणहून, म्हणणं तेच. काल बिलिंगच्या प्रोग्राममध्ये आयटमच्या नावाचा कॉलम रुंद करून ठेवला, अक्षर मोठं केलं, विंडो स्क्रीनभर केली, आणि आज उघडलं तर परत पहिल्यासारखं बारीक. बिलं मात्र सगळी जागेवर. मग विचारतात की बिलं राहतात तर सेटिंग का राहत नाही, व्हायरस आलाय का, की तुम्हीच काही अपडेट टाकलात? व्हायरस नाही आणि अपडेटही नाही. बहुतेक वेळा कारण एकच निघतं आणि ते दुकानातच सुटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बिल आणि मांडणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी सेव्ह होतात. बिल तुम्ही सेव्ह दाबलंत की त्याच क्षणी डेटाबेसमध्ये जातं, नंतर लाईट गेली तरी ते राहतं. प्रिंटर कुठला, बिलाचा फॉरमॅट कुठला, हे ओके दाबलं की लगेच लिहिलं जातं. पण मांडणी, म्हणजे विंडो केवढी आणि कुठे आहे, कॉलम किती रुंद, अक्षर केवढं, शेवटी कुठला रिपोर्ट उघडला होता, हे सगळं प्रोग्राम बंद होताना लिहिलं जातं. दुकान बंद करताना तुम्ही गल्ला मोजून वहीत टिपता ना, तसं ते आहे. ती शेवटची दोन मिनिटं कोणी तुम्हाला दिलीच नाहीत तर वहीत कालचाच आकडा राहणार.

आणि ती संधी आपण प्रोग्रामला देत नाही, मुद्दा हाच आहे. आपल्याकडे दुपारी एकच्या सुमाराला बरीच दुकानं बंद होतात, घरी जेवण, थोडी झोप, मग साडेतीन-चारला परत शटर वर. त्या घाईत कॉम्प्युटर चालूच असतो, प्रोग्राम उघडाच असतो, आणि जाताना दाराजवळचा मेन स्विच खाली केला जातो. पावसात तर जास्तच, कारण विजा कडाडल्या की वस्तू जळतील ही भीती असते आणि ती खरी आहे, आम्ही तिला नावं ठेवत नाही. मेन स्विच जरूर बंद करा. फक्त त्याआधी प्रोग्राम बंद करा आणि कॉम्प्युटर शट डाऊन करा. रात्री जे लोक हे नीट करतात तेच दुपारी करत नाहीत असंही आम्ही पाहिलंय, कारण दुपारचं बंद करणं हे बंद करणं वाटतच नाही.

काही जण म्हणतात आम्ही बंद केला होता, आणि विचारलं तर कळतं की मॉनिटरचं बटण दाबलं होतं. मॉनिटर काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला असं नाही, आत प्रोग्राम चालूच असतो. स्लीपचंही तसंच, स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये तरंगत असतं, त्यात मेन स्विच गेला की लाईट जाण्यासारखंच झालं. कॅबिनेटचं पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरणं, किंवा टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करणं, यातही प्रोग्रामला निरोप मिळत नाही, तो तिथल्या तिथे संपतो. याउलट स्टार्ट मेनूतून शट डाऊन केलंत तर विंडोज प्रत्येक प्रोग्रामला आधी कळवतं आणि काही सेकंद थांबतं, तेवढा वेळ आमच्या प्रोग्रामला पुरतो. म्हणून घाईत निदान स्टार्टमधून शट डाऊन एवढं करा, प्रोग्राम आपलं आवरून घेतो.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच आहेत. छोटा यूपीएस थोडीच मिनिटं देतो आणि बॅटरी जुनी झाली की तेवढीही देत नाही. ती मिनिटं नीट बंद करण्यासाठी आहेत, लाईट येईल येईल म्हणून आणखी चार गिऱ्हाईकांची बिलं मारत बसायला नाहीत.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारतातच, की मग मांडणी सतत का सेव्ह करत नाही? विचार करूनच तसं ठेवलंय. विंडोचा कोपरा माऊसने ओढलात की त्या एका ओढण्यात साईझ कितीतरी वेळा बदलतो, प्रत्येक वेळी डिस्कवर लिहीत बसणं जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनला जड जातं आणि आपल्या बऱ्याच दुकानांत अजून तीच मशीन आहेत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. काउंटरवरचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर बघायला आमची विंडो छोटी करतो, बघून झालं की परत मोठी करतो, आणि त्या मधल्या छोट्या विंडोला आम्ही तुमची पसंती समजलो आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली, तर उद्या प्रोग्राम तसाच छोटा उघडेल. दिवसअखेर तुम्ही जे ठेवून जाता तेच तुम्हाला हवंय असं आम्ही धरतो. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी व्ह्यू मेनूत 'मांडणी आत्ताच सेव्ह करा' असं दिलेलं आहे. पहिल्या दिवशी सगळं मनासारखं लावा, तो पर्याय एकदा दाबा, मग मेन स्विच गेला तरी निदान ती मांडणी परत मिळते. हा पर्याय बऱ्याच जणांनी उघडूनही पाहिलेला नाही, कृपया पाहा.

लिहितानाच लाईट गेली तर काय, याचीही सोय आहे. नवी मांडणी आधी वेगळ्या फाईलमध्ये पूर्ण लिहायची, ती नीट लिहून झाली की मगच जुनीच्या जागी ठेवायची, आणि जुनी एक प्रत बाजूला राखायची, अशी आमची पद्धत आहे. थेट जुन्या फाईलवर लिहिलं आणि मध्येच वीज गेली तर फाईल दिसायला असते पण आत अर्धवट किंवा रिकामी, आणि मग प्रोग्राम उघडतानाच अडतो. स्वस्तातला प्रोग्राम घेताना हे कोणी विचारत नाही, विचारायला हवं.

विंडोच दिसत नाही अशीही एक तक्रार असते. खाली टास्कबारवर आयकॉन आहे, क्लिक केलं तरी स्क्रीनवर काही नाही. हे बहुधा दोन मॉनिटरवाल्या दुकानांत होतं, बार-रेस्टॉरंट आणि फार्मसीत जास्त. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ठेवून बंद केली, मग तो मॉनिटर काढला किंवा त्याची वायर सैल झाली, आणि प्रोग्राम आपला जुन्या जागी उघडतोय, जिथे आता स्क्रीनच नाही. नव्या आवृत्तीत आम्ही उघडताना आधी तपासतो की ती जागा कुठल्या तरी मॉनिटरवर आहे का, नसेल तर विंडो मुख्य स्क्रीनवर आणतो. जुनी आवृत्ती असेल तर टास्कबारवरच्या आयकॉनवर क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेसबार एकदम दाबा, मग एम, मग बाणाचं कुठलंही बटण एकदा, आणि माऊस हलवा, विंडो माऊसला चिकटून येते. विंडो मॅक्सिमाईझ झालेली असेल तर एम चालत नाही, त्याआधी ऑल्ट, स्पेसबार आणि आर करून ती रिस्टोअर करा. मिनिमाईझ करून बंद केली म्हणून हे होतं असं काही जणांना वाटतं. विंडोज मिनिमाईझ झालेल्या विंडोची जागा उणे ३२००० अशी सांगतं आणि ती जशीच्या तशी टिपणारे प्रोग्राम खरोखरच हरवतात, पण आम्ही मिनिमाईझ होण्याआधीची जागा टिपतो, त्यामुळे त्याची काळजी नको.

इथे एक कळकळीची विनंती. सेटिंग गेलं किंवा विंडो दिसेना म्हणून प्रोग्राम काढून परत टाकू नका. त्याने काही सुटत नाही, कारण प्रोग्राम असतो प्रोग्राम फाईल्समध्ये आणि तुमची मांडणी असते तुमच्या विंडोज युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, ते फोल्डर लपवलेलं असतं आणि प्रोग्राम काढला तरी ते तसंच राहतं. म्हणजे तासभर घालवून परत तीच हरवलेली विंडो. आणि त्या भरात कोणी डेटाचं फोल्डर जुनं समजून डिलीट केलं तर मग गोष्ट हाताबाहेर जाते. कॉम्प्युटर फास्ट करणारी जी क्लीनर सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांतली काही अ‍ॅपडेटावरही हात मारतात, तीही टाळा.

मांडणी प्रत्येक विंडोज युजरची वेगळी असते हे मुद्दाम ठेवलंय. सकाळी काउंटरवर बसणाऱ्या मुलीला मोठं अक्षर हवं, संध्याकाळी मालकांना सगळे कॉलम एका नजरेत हवेत, दोघांचे युजर वेगळे असले की एकमेकांना त्रास नाही. पण त्यामुळेच कोणी दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर युजरचा पासवर्ड टाकून प्रोग्राम उघडला की त्या युजरची मांडणी दिसते आणि आपली गेली असं वाटतं. ती गेलेली नसते, आपल्या युजरने उघडा.

नव्या कॉम्प्युटरचं थोडक्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून सध्या अनेक दुकानांत मशीन बदलणं चाललंय. पेनड्राइव्हवर नुसतं डेटाचं फोल्डर कॉपी करून नेलंत तर बिलं येतील, मांडणी येणार नाही. बॅकअप घेताना 'मांडणीसकट' या चौकोनात टिक करा. शिवाय जुना स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा आणि नवा १९२० बाय १०८० चा असेल तर जुन्या मापाची विंडो नव्यावर कोपऱ्यात छोटी दिसते, एकदा ओढून मोठी करा, प्रोग्राम नीट बंद करा, मग ती लक्षात राहते. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असलेल्या ग्राहकांचं हे शिफ्टिंग आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो आणि नवी आवृत्तीही त्यातच येते. एएमसी नसेल तरी करून देतो, मशीन घेण्याआधी विचारलंत तर कुठलं घ्यावं हेही सांगू.

फोन करण्याआधी एवढं बघून ठेवा: प्रोग्रामची आवृत्ती, जी हेल्पमध्ये दिसते, विंडोजचा युजर कुठला आहे, मॉनिटर एक की दोन, आणि शेवटचं बंद कसं केलं होतं. हे चार मिळाले तर बहुतेक वेळा फोनवरच सुटतं, आणि पावसात नेट गेलेलं असताना म्हापशाहून माणूस पाठवायची वेळ येत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात बिलिंगच अडलेल्या दुकानांना आम्ही पहिला नंबर देतो, तेव्हा मांडणीची, नव्या आवृत्तीची आणि मशीन बदलायची कामं जुलैमध्येच सांगून ठेवा.