देणगीच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिन कोणाला करायचं

(आमच्या ग्राहक संस्थांसाठी, चिपळूण)

सॉफ्टवेअर बसवून झालं, चार पावत्या काढून बघितल्या की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, अध्यक्षांना पण ॲडमिन करा, उपाध्यक्षांना पण करा, मुंबई मंडळाचे सेक्रेटरी आहेत त्यांनाही करा, नायतर त्यांना वाईट वाटेल. वाईट वाटतं हे आम्हालाही कळतं, आम्ही पण याच मातीतले, शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात जाणार यावरून वाडीवाडीत काय होतं ते लहानपणापासून बघत आलोय. पण ॲडमिनचं लॉगिन म्हणजे देवळाच्या कपाटाची किल्ली समजा. मान गावकारांचा असतो आणि किल्ली ज्याला रोज कपाट उघडायचंय त्याच्याकडे असते, यात कोणाचा अपमान नाही. म्हणून आधी कामं लिहून काढा, कामासमोर माणूस लिहा, आणि मग त्या कामाला लागेल तेवढीच परमिशन द्या. एवढं जमलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आम्ही हे का सांगतोय

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बऱ्याच संस्थांची पावतीपुस्तकं, रजिस्टरं भिजून लगदा झाली. पुढच्या आठवड्यातच मदतीचे पैसे यायला लागले, गावातून, मुंबई-पुण्यातून, आखातातून. आम्ही ज्यांचं काम बघत होतो त्यातल्या एका संस्थेने घाईघाईत एकच ॲडमिन लॉगिन केलं आणि पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. त्या घाईत कोणालाही दोष देता येणार नाही, माणसं चिखल उपसून रात्री पावत्या करत होती. पण तीन महिन्यांनी हिशेब जुळवायला बसलो तर काही पावत्यांचे नंबरच मधून गायब, कोणी काढल्या ते कळेना, कारण लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदीत, सगळीकडे एकच नाव, ॲडमिन. कोणी पैसे खाल्ले नव्हते, चुकून डबल झालेल्या नोंदी कोणीतरी चांगल्या मनाने डिलीट केल्या होत्या. तरी गावात बोलणं झालंच, आणि ज्या मुलांनी रात्री जागून काम केलं होतं त्यांच्यावर संशय आला. ते आमच्या फार मनाला लागलं. तेव्हा आम्ही पण परमिशन नीट समजावून दिल्या नव्हत्या, आता प्रत्येकाला आधी हेच सांगतो.

ॲडमिन नक्की काय काय करू शकतो

नवीन युजर बनवणं आणि काढणं हे तर झालंच. पण त्याशिवाय पावतीची नंबर सिरीज बदलणं, पावतीवरचा मजकूर आणि ८०जीचा (देणगीदाराला करात सूट मिळते त्या मान्यतेचा) नंबर बदलणं, ईमेलचे टेम्प्लेट, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे ऑनलाइन पेमेंटचं सेटिंग, म्हणजे देणगीदाराने वेबसाइटवर पैसे भरले की ते कुठल्या खात्यात जाणार ते. हे सेटिंग कोणी बदललं तर देणगीदाराला पावती व्यवस्थित जाते, स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं आणि पैसे मात्र दुसरीकडे जातात, बँकेचं स्टेटमेंट बघेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून पेमेंटच्या सेटिंगला हात लावायचा तर दोघं समोर बसलेले पाहिजेत, एक ॲडमिन आणि एक विश्वस्त, आणि बदलल्यावर लगेच एकशे एक रुपयाची खरी देणगी भरून ती आपल्याच खात्यात आली का ते बघायचं.

सिव्हीसीआरएम वापरणाऱ्यांसाठी

आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे वर्डप्रेसवर, म्हणजे ज्यावर वेबसाइट चालते त्यावर, सिव्हीसीआरएम हे देणगीदार आणि देणग्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स आहे म्हणून लायसन्सचा खर्च नाही. त्यात ॲडमिनिस्टर मेनूमध्ये युजर्स अँड परमिशन्स उघडलं की वर्डप्रेसचे रोल, म्हणजे कोण काय करू शकतो त्याचे गट, आणि प्रत्येकासाठी टिक करायच्या चौकटी दिसतात. इथे एक गोष्ट नव्वद टक्के लोकांच्या लक्षात येत नाही असं म्हणायला हरकत नाही, आम्ही जातो तिथे सापडतेच, की वर्डप्रेसमध्ये जो ॲडमिनिस्ट्रेटर आहे त्याला सिव्हीसीआरएमच्या सगळ्या परमिशन आपोआप मिळतात. म्हणजे उत्सवाचे फोटो वेबसाइटवर टाकायला म्हणून ज्या मुलाला ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवलंय त्याला सगळ्या देणगीदारांचे फोन, पत्ते, पॅन, कोणी किती दिले सगळं उघडं आहे. त्या मुलावर विश्वास असेल, आमचाही आहे, पण त्याचा मोबाइल एसटीत राहिला तर काय. फोटो टाकायला एडिटर रोल पुरतो, आजच बदलून घ्या.

दुसरं, ॲनॉनिमस युजर नावाचा एक रोल तिथे दिसतो, म्हणजे लॉगिन न करता वेबसाइट बघणारा कोणीही. त्याला ऑनलाइन देणगी भरायची परमिशन लागते, पण व्ह्यू ऑल कॉन्टॅक्ट्स (सगळ्यांची माहिती बघणं) ही चौकट त्याच्यासमोर कधीही टिक नको, नायतर देणगीदारांची यादी जगाला उघडी पडू शकते. टिक करताना ओळ चुकते हो, संध्याकाळी दमून बसलेलं असताना तर नक्कीच, म्हणून सेव्ह करायच्या आधी शेजाऱ्याला एकदा बघायला सांगा.

तिसरं डिलीट. सिव्हीसीआरएममध्ये देणगी बघणं, दुरुस्त करणं आणि डिलीट करणं या वेगवेगळ्या परमिशन आहेत. देणगीदाराचं नाव डिलीट केलं तर ते ट्रॅशमध्ये जातं, परत आणता येतं. देणगीची नोंद डिलीट केली तर ती गेलीच. त्यामुळे देणगी डिलीट करायची परमिशन, ॲडमिनिस्ट्रेटरला आपोआप मिळते ती सोडून, आम्ही कोणालाच देत नाही, खजिनदारांनाही नाही. चुकलेली पावती असेल तर स्टेटस कॅन्सल्ड करायचं आणि कारण लिहायचं, जसं पावतीपुस्तकात आपण पान फाडत नाही, दोन रेघा मारून रद्द लिहितो आणि स्थळप्रतीला लावून ठेवतो. ऑडिटरलाही तेच पाहिजे असतं.

बदलांचा तपशीलवार लॉग सुरुवातीला बंद असतो, तो चालू करून घ्या. आणि तो तेव्हाच कामाचा जेव्हा प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असेल.

रोल किती करावे

छोट्या संस्थेला चार पुरतात. पावती करणारा, हिशेब बघणारा म्हणजे खजिनदार, नुसतं बघणारा म्हणजे अध्यक्ष, विश्वस्त, ऑडिटर, आणि ॲडमिन. अध्यक्षांना नुसतं बघणारा म्हटलं की ते कमी वाटतं, पण त्यांना सगळे रिपोर्ट, सगळे आकडे दिसतात, त्यांच्या हातून चुकून काही बिघडणार नाही एवढंच, आणि उद्या काही उलटंसुलटं झालं तर त्यांचं नाव त्यात येत नाही. आम्ही हे अध्यक्षांना स्वतः भेटून सांगतो, चहा पिताना सांगितलं की पटतं. वर्डप्रेसमध्ये नवीन रोल बनवायची सोय मुळात नाही, त्याला छोटं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, लागतं, ते आम्ही बसवून देतो.

ज्याने पावती केली त्यानेच ती रद्द करायची नाही, हे मात्र पक्कं ठेवा. पावती करणारा रद्द करायला सांगेल, करतील खजिनदार.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, देवळात टेबल लावून पाच-सहा जण पावत्या करतात. त्यांना तेवढ्या दिवसांपुरती लॉगिन करून द्या, फक्त पावती करायची, आणि उत्सव संपल्यावर बंद करा. विसर्जनाच्या गडबडीत राहून जातं म्हणून लॉगिन बनवतानाच कॅलेंडरवर बंद करायची तारीख लिहा. डिलीट करू नका, ब्लॉक करा, नाव राहू दे, पुढच्या वर्षी तीच मुलं येणार आहेत.

पॅन, आखातातले पैसे आणि ३१ मे

ज्यांना ८०जी आहे त्यांना मागच्या आर्थिक वर्षाचा देणगीदारांचा तपशील ३१ मेपर्यंत भरावा लागतो, ज्याला आपण १०बीडी म्हणून ओळखतो, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यात नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, रोख की बँकेतून हे सगळं जातं. आणि रोख २,००० च्या वर दिली तर देणगीदाराला करात सूट मिळत नाही, म्हणून रोख की ऑनलाइन हा रकाना नंतर कोणी बदलता कामा नये. तपशील भरून झाला की त्या वर्षाच्या नोंदींना कोणी हात लावायचा नाही असं ठरवून टाका, नायतर सप्टेंबरमध्ये कोणीतरी स्पेलिंग सुधारायला जातो आणि आपला आकडा वेगळा, भरलेला वेगळा.

जुन्या नोंदींतला पॅनचा रकाना फक्त खजिनदार आणि ॲडमिनला दिसेल असा करता येतो. पावती करणाऱ्याला तो भरताना दिसेल, पण जुन्या देणगीदारांचे पॅन चाळत बसायची गरज नाही.

आता आखाताचं. दुबई, कुवेत, मस्कतला आपली माणसं आहेत, उत्सवाला, शाळेला, मशिदीला, देवळाला पैसे पाठवतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ती एफसीआरएमधली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातली, परदेशी देणगी धरत नाहीत, तो कुठे राहतो याने फरक पडत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी, त्याची देणगी परदेशी धरतात, आणि संस्थेकडे एफसीआरएची परवानगी नसेल तर ती घेताच येत नाही. असेल तरी २०२० च्या दुरुस्तीपासून ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. म्हणून देणगीदाराच्या माहितीत नागरिकत्व हा रकाना ठेवा आणि तो बदलायची परमिशन एकट्या खजिनदारांना द्या. टेबलावर बसलेल्या मुलाने अमेरिकेतल्या काकांना अंदाजाने भारतीय लिहून टाकलं तर उद्या नोटीस संस्थेला येते, त्या मुलाला नाही.

ॲडमिन दोन, एक गावात आणि एक मुंबईत

एकच ॲडमिन ठेवू नका, माणूस आजारी पडतो, नोकरीला बाहेर जातो, आणि एका संस्थेचे एकुलते ॲडमिन अचानक वारले तेव्हा घरच्यांना त्या दुःखात मोबाइलचा पिन विचारायची वेळ आमच्यावर आली, ती परत यायला नको. तीनपेक्षा जास्तही नकोत. दोघं नात्यातले नसतील तर बरं.

दोघांनाही दुहेरी लॉगिन लावा, पासवर्ड आणि वर कोड. एसएमएसचा कोड पावसाळ्यात भरवशाचा नाही, लाईट गेली की टॉवरही जातो आणि आमच्या इथे खाडीपट्ट्यात एरवीही रेंज शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप घ्या, तो कोड मोबाइलमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही, फक्त मोबाइलचं घड्याळ बरोबर पाहिजे. बॅकअप कोड मिळतात ते छापून लॅमिनेट करून पाकिटात बंद करून संस्थेच्या कपाटात ठेवा, साधा कागद आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत बुरशीला जातो. आणि ॲडमिनचा ईमेल संस्थेच्या नावाचा ठेवा, कोणाच्या घरचा नको.

कमिटी बदलली की

विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. सॉफ्टवेअरचं तेवढं थांबू नका, ठराव झाला त्याच आठवड्यात जुनी लॉगिन बंद, नवीन चालू. पण कमिटीत वाद असेल आणि दोन्ही बाजू आम्हाला फोन करून पासवर्ड मागत असतील तर आम्ही कोणालाच देत नाही, सभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत आल्याशिवाय नाही, ओळखीचा असला तरी नाही. ती प्रतही दुसऱ्या बाजूला मान्य नसेल तर निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंना नुसतं बघायची परमिशन आणि पावती करणाऱ्यांच्या पावत्या चालू. राग येईल पण देणगीदारांच्या यादीसाठी तेच बरं.

आमचं स्वतःचं लॉगिन पण तुमच्याकडे ॲडमिन म्हणून असतं, काम झालं की ते ब्लॉक करा, पुन्हा लागेल तेव्हा तुम्हीच उघडून द्या. बऱ्याच जणांना हे आम्हाला सांगायला संकोच वाटतो, अजिबात करू नका.

सेटिंगला येताना कामांची आणि नावांची यादी कागदावर लिहून आणा, सोबत ठरावाची प्रत, आणि जे दोघं ॲडमिन होणार ते दोघंही आपापले मोबाइल घेऊन या. सगळं लावून झालं की आपण पावती करणाऱ्याच्या लॉगिनने आत जाऊन एक खोटी देणगी डिलीट करायचा प्रयत्न करू, नाही झाली तर काम बरोबर झालंय. साधारण दोन तास धरा, शक्यतो सकाळी या, दुपारनंतर लाईटचा भरवसा नसतो.